किमान पन्नास

मी ज्या कामावर पोट भरते त्यातली सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे यादीचं पान. एकाखाली एक ओळी. नाव, गाव, आकडा, आणि शेवटी झालं का बाकी. अशी पानं मी इतकी केलीत की आता हात आपोआप चालतात. बघणारे लोक यादी बघतात, वर कुणी बघत नाही. वर पानाचा पत्ता असतो. पत्ता संपला की कधी कधी एक प्रश्नचिन्ह येतं, आणि त्याच्यापुढं जे लिहिलेलं असतं त्यावर ठरतं की यादीत कोण दिसणार आणि कोण नाही. त्यातलं एक पान माझ्या वडिलांच्या मेंढरांचं होतं.

मी आटपाडीकडची. आमच्यात दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचं, कराड, पाटण, शिराळा, जिथं ओलं असेल तिथं, आणि आषाढापर्यंत परत यायचं. आमच्या वस्तीवर पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, आणि आवाज बारीक करून सांगत नाही. साताऱ्याच्या वसतिगृहात चार वर्षं काढली. बाकीच्या मुली सुट्टीला घरी जायच्या. मला आधी फोन करून विचारायला लागायचं, घर कुठाय. आई सांगायची, अमक्या फाट्याच्या पुढं, ऊस तुटलेल्या रानात. मी एसटीनं उतरून लेंड्यांच्या वासावर बिऱ्हाड शोधायची. त्याची लाज कधी वाटली नाही. वसतिगृहात एकीनं विचारलं होतं, तुझे वडील काय करतात. मी म्हटलं, मेंढरं राखतात. ती म्हणाली, म्हणजे शेती? मी म्हटलं, नाही, मेंढरं.

पण किती मेंढरं, हे आमच्यात सांगत नाहीत. दुसऱ्याला नाहीच, आणि आपापसातही आकडा तोंडानं उच्चारत नाहीत. रोज सकाळी आई वाघरीपाशी उभी राहून बघते. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. ती मोजत नाही, तोंडं ओळखते. एखादं नसलं तर तिला लगेच कळतं, कुठलं ते. माझ्या वडिलांचं, आबांचं, तर आणखी कडक. मी चौथीत असताना कुणीतरी सरकारी माणूस येऊन सगळी मेंढरं एक, दोन, तीन करत मोजून गेला होता आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या कळपात रोग शिरला होता. तेव्हापासून कुणी विचारलं, किती हायत, की आबांचं उत्तर एकच: "हायत."

कॉलेज झाल्यावर मला सांगलीत नोकरी लागली. दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि सर. सर म्हणजे मालकही तेच आणि माझे वरचेही तेच. पायथॉन या संगणकाच्या भाषेतल्या एका फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, आम्ही लहान लहान संस्थांची कामं करायचो. दूध संस्था, ग्रंथालय, एक शाळा. त्यात मेंढपाळांच्या एका संस्थेचं काम आलं. त्यांना लसीकरणाची यादी हवी होती. कुठला कळप कुठं बसलाय, कुणाला लस झाली, कुणाची बाकी. सर म्हणाले, "हे तुझंच काम. तुला समजावून सांगायला नको."

फॉर्म आटपाडीत भरून घेतले, दिवाळीनंतर, बिऱ्हाडं निघायच्या आधी. संस्थेच्या शेडमध्ये एका टेबलावर सुपरवायझर कागद घेऊन बसले होते आणि शेजारी मी लॅपटॉप घेऊन. सुपरवायझर आमच्याच भागातले, सगळ्यांना नावानं ओळखणारे. आबांची पाळी आली.

"किती मेंढरं, आबा?"

"हायत."

"आवं, हायत ते मलाबी दिसतंय. कागदाला आकडा लागतो."

"मग लिवा की तुमचा तुमी."

"माझी असती तर कवाच लिवला असता."

लोक हसले. आबा जरा खाली बघून म्हणाले, "ईस धरा."

मागं माझे चुलते उभे होते, नाना. ते म्हणाले, "ईस तर नुसती घोड्यावर बसलेली कोकरं हायत, दादा!"

बिऱ्हाड हलताना चालवत नाही ती कोकरं आमच्यात घोड्यावर बसवतात. पुन्हा हसू. आबा हसले नाहीत. मग नानांनी आपला आकडा सांगितला, साठ. नानांची दीडशेच्या वर होती. आबांची सव्वाशे. हे मला माहीत होतं, सुपरवायझरना माहीत होतं, रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी वीस टाइप केलं.

मी खरा आकडा टाकू शकले असते. कुणी बघितलं नसतं. पण माहिती जशी मिळाली तशी भरायची, आपल्या मनानं बदलायची नाही, हे मला शिकवलेलं होतं आणि ते मी पाळत होते. दुसरं म्हणजे लेकीनं बापाचा आकडा फोडला हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. आणि तिसरं, खरं सांगायचं तर, मला वाटलं या आकड्याचं कुणाला काय करायचंय. आबांचं नाव होतं, गाव होतं, फोन होता. डॉक्टर गेले की समोर जेवढी दिसतील तेवढी टोचतील.

पान मी मन लावून केलं. वर तीन खाने ठेवले: तालुका, स्थिती आणि किमान मेंढरं. खान्यात काही भरून बटण दाबलं की ते भरलेलं सगळं पत्त्यात जाऊन बसतं, प्रश्नचिन्हाच्या पुढं. पान मागितलं की फ्रेमवर्क ते उलगडून माझ्यापुढं ठेवतं, तालुका म्हणून हे आलंय, किमान म्हणून हे आलंय. मी एकेक घ्यायचं, तपासायचं, आणि त्याप्रमाणं यादी चाळायची. किमान रिकामं असलं तर चाळायचं नाही. किमानच्या जागी कुणी भलतंच काही लिहिलं तर पान बंद पडू द्यायचं नाही, तिकडं दुर्लक्ष करायचं. आकडा आला तर त्याच्यापेक्षा लहान कळप गाळायचे. सगळं मिळून दहा-बारा ओळींचं काम. पण मी ते प्रत्येक बाजूनं तपासलं. ऋण आकडा टाकून बघितला, मराठी अंक टाकून बघितले, दोनदा किमान लिहून बघितलं. काही अडलं नाही.

निवड पत्त्यात ठेवायची हे सरांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, यादी नुसती वाचायची असते तेव्हा निवड लपवू नये, पत्त्यात ठेवावी. म्हणजे तुला जे दिसतंय तीच लिंक पाठवली की दुसऱ्यालाही तेच दिसतं. मला हे फार आवडलं होतं. मला जे दिसतंय तेच दुसऱ्यालाही.

संस्थेच्या ऑफिसात मी पान दाखवायला गेले. डॉक्टर नवीन होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, कामाला चांगले. सुपरवायझर त्यांच्या शेजारी.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, मोठे कळप आधी काढता येतील का? लस बर्फात न्यावी लागते. मोठा कळप असला तर एका फेरीत काम होतं."

मी किमानमध्ये पन्नास लिहिलं, स्थितीत बाकी निवडलं आणि बटण दाबलं. यादी आखडली. "झालं," मी म्हटलं. "आणि ही लिंक तुम्हाला पाठवली की तुमच्या फोनवर हेच उघडेल. परत काही भरायला नको."

"वा," डॉक्टर म्हणाले.

सुपरवायझर म्हणाले, "लय झ्याक. न्हाईतर मला फोनवर दोनच बटणं कळत्यात, उचलायचं आन् ठिवायचं."

मी लिंक संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. शेवटी होतं kiman=50. उदाहरण म्हणून टाकली होती. पण खाली तसं लिहिलं नाही, लिहिलं फक्त 'यादी'. फोनचा पडदा लहान म्हणून ते तीन खाने मी एका बटणामागं दुमडून ठेवले होते. त्यामुळं फोनवर पान उघडलं की थेट नावं दिसायची. त्याच्यावर मथळा: लसीकरण बाकी असलेले कळप. फक्त पन्नासच्या वरचेच दिसताहेत, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते लिहायला अर्धा तास लागला असता. मला सुचलं नाही.

चैत्रात लस सुरू झाली. आंत्रविषाराची. हा रोग मेंढराला हिरव्या कवळ्या चाऱ्यावर धरतो. सकाळी चरत असलेलं मेंढरू दुपारी गोल फिरतं, पडतं, पाय झाडतं आणि संपतं. आणि जे अंगानं चांगलं तेच आधी पडतं. लस दिली तर होत नाही. आमच्यातले लोक एरवी स्वतःच कराडवरनं लस आणतात, चार बिऱ्हाडं मिळून, बर्फाच्या डब्यातनं. त्या वर्षीही एक टोळकं निघालं होतं. आबांना विचारायला आले, तर आबा नको म्हणाले. हे मला आईनं फोनवर सांगितलं.

"त्येंनी सांगितलं, माझ्या लेकीनं यादी केलीया. डाक्टर हितं येनार. तुमी जावा."

मी आबांना फोन द्यायला सांगितलं. "आबा, येतील बरं का डॉक्टर."

"व्हय. कवा?"

"यादीत नाव हाय तुमचं. गावांप्रमाणं चाललंय."

"असंना का. आमी कुठं पळतोय," आबा म्हणाले. आणि शेजारच्या कुणालातरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "लेक. सांगलीस्नं."

वैशाख संपता संपता डॉक्टरांनी ग्रुपवर यादीचा फोटो टाकला. पान रिकामं. माझ्याच हातचं वाक्य मधोमध: 'एकही कळप बाकी नाही.' खाली सगळ्यांचे अंगठे. मीही हात जोडलेलं चित्र टाकलं. मग मीसुद्धा ती लिंक उघडून बघितली, ग्रुपवरचीच, आणि खरंच कुणी बाकी नव्हतं. आबांचं झालं असं धरलं. त्यांचा फोन आठवडाभर लागत नव्हता, कुठल्यातरी आडवळणाच्या रानात बसले असणार. मी दुसऱ्या कामाला लागले.

पुढं पंधरा दिवसांनी नानांचा फोन आला. मी ऑफिसात होते. नाना एरवी फोनवर ओरडून बोलतात. त्या दिवशी हळू बोलत होते.

"बाय, दादाची मेंढरं पडाय लागल्यात."

"कशानं?"

"फिरत्यात आन् पडत्यात. काल अकरा. आज सकाळधरनं नऊ."

"टोचलेली हायत की."

"कुठनं? माझी टोचली. म्या म्हनलं दादाचीबी झाली. तिकडं डाक्टर फिरकलंच न्हाईत म्हनं."

शिराळ्याच्या एसटीत बसून मी फोनवर यादी उघडली. एकही कळप बाकी नाही. मी स्वतःशी म्हटलं, आबा विसरले असतील. नसतील विसरले तर डॉक्टरांनी न जाताच खूण केली असेल. मग वाटलं, लस खराब असेल. सगळ्या वाटेत मी असंच एकेकाला धरत होते. माझ्याकडं बोट वळवलं नाही. पान तर बरोबर चालत होतं.

नाना फाट्यावर गाडी घेऊन थांबले होते. रान कालव्याच्या कडेला होतं. शेतकऱ्यानं मका काढून घेतलेला, बांधाबांधानं हिरवं गवत फुटलेलं. लांबनं सगळं छान दिसत होतं. जवळ गेल्यावर बांधाच्या कडेला एका रांगेत ओढून ठेवलेली मेंढरं दिसली. फुगलेली. मी ती बघितली आणि मोजली. एकतीस. आमच्यात मोजत नाहीत, पण मी मोजली, आणि मोजताना काही वाटलं नाही. त्या रांगेत पुढंच एक काळ्या तोंडाची मेंढी होती. मी साताऱ्याहून यायची तेव्हा ती माझी पिशवी हुंगायला यायची. मी तिच्यावरनं पुढं गेले.

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "खा आदी."

"नको."

"खा म्हनलं ना. त्येंनी कालपास्नं खाल्लं न्हाई. तू खाल्लंस तर बसत्याल."

म्हणून आबा आणि मी बसलो आणि भाकरी खाल्ली. समोर एक धष्टपुष्ट मेंढा गोल फिरायला लागला. आबांनी घास खाली ठेवला नाही. त्याच्याकडं बघत चावत राहिले. तो पडल्यावर म्हणाले, "डाक्टर आलं न्हाईत गं."

"एकदाही?"

"नानाकडं आलं. तितनं गाडी अशी वळून गेली. म्या हात केला. त्येंनीबी हात केला."

मी फोन काढला. पुन्हा तेच पान, तेच वाक्य. फोनवर पत्त्याचा पुढचा तुकडा तेवढा दिसतो, शेपूट दिसत नाही. मी पट्टीवर बोट ठेवलं. सबंध पत्ता उघडला आणि शेवटी किमान पन्नास दिसलं.

मी तेवढं खोडलं आणि पान पुन्हा मागवलं. चौदा नावं आली. सगळी बाकी. सातवं आबांचं, पुढं वीस.

आई म्हणाली, भाकरी वाळली. मग उठून लांब जाऊन डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"ताई, ती लिंक तुम्हीच दिली होती."

"हो."

"मला वाटलं तीच यादी."

"यादीच होती. अर्धी."

"बरं," ते म्हणाले. "लस घेऊन निघतो. आता देऊन लगेच उपयोग नाही, दहा-पंधरा दिवस धरून चाला. पण देऊ. सगळ्यात आधी त्यांना हिरव्यावरनं हलवा. आत्ताच्या आत्ता. किती आहेत? किती बाटल्या घेऊ?"

मी आबांकडं गेले. "आबा, किती राहिली?"

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि कळपाकडं बघितलं. "तुला मोजता येतंय की," म्हणाले, आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी मोजून डॉक्टरांना सांगितलं. त्र्याण्णव. संध्याकाळपर्यंत तो आकडाही खरा राहिला नाही.

मेंढरं रस्त्याच्या पलीकडं खडकाळ माळावर हलवली. डॉक्टर आणि सुपरवायझर ऊन उतरायच्या आत आले. मी मेंढरू धरायचं, मागचे पाय गुडघ्यात दाबायचे, डॉक्टर टोचायचे, आबा त्याला सोडून पुढचं ढकलायचे. अशी कामं मी लहानपणापासून केलीत, हात विसरत नाहीत. सुपरवायझर बाटल्या देत होते.

मधेच आबा डॉक्टरांना म्हणाले, "तुमची चूक न्हाई. म्याच ईस सांगितली. खरी सांगितली असती तर आला असता."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढची सुई भरली. त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी ते माझ्यावर सोडलं. तिथंच ते संपवता आलं असतं. आबांच्या हिशेबात स्वतःचा खोटा आकडा होता आणि माझं नाव कुठंच नव्हतं. ते तसं राहिलं असतं तर वस्तीवर मी पूर्वीसारखीच राहिले असते.

"आबा, वीस सांगून काय बिघडलं नव्हतं," मी म्हटलं. "वीसवाल्याकडंबी जायचंच होतं. म्या चाळण लावून यादी दिली. पन्नासच्या खालचं कुणी दिसलंच न्हाई त्येंना."

आबांनी हातातलं मेंढरू सोडलं नाही. "म्हंजे?"

मला लिंक, पत्ता, प्रश्नचिन्ह काही सांगता येईना. मग म्हटलं, "सकाळी तुम्ही कोकरं अलग करता तवा वाघरीला फट ठेवता ना. लहान तेवढी भाइर येत्यात, मोठी आत ऱ्हात्यात. म्या उलटी फट ठेवली. मोठी तेवढी भाइर आली."

आबांना ते लगेच कळलं. त्यांनी विचार केला, मेंढरं एखाद्या वाटेनं गेली असतील का असा करतात तसा.

"फट ठिवली की तितं एक मानूस उबा ऱ्हातो," ते म्हणाले. "आत काय ऱ्हायलं ते बगायला. तुज्या फटीला कोन उबं व्हतं?"

"कोण न्हाई."

"असं."

त्यांनी पुढचं मेंढरू माझ्याकडं ढकललं. मी धरलं. त्याच्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. रागावले असते तर मला बरं पडलं असतं असं लोक म्हणतात. मला काय बरं पडलं असतं ते सांगता येत नाही. मला त्या वेळी फक्त मनगटं दुखत होती.

उरलेल्या तेरा कळपांकडं डॉक्टर दोन दिवसांत जाऊन आले. कुणाकडं पंधरा लिहिलेली होती, कुणाकडं तीस. एकाकडंही तेवढीच नव्हती. सगळी मोठी बिऱ्हाडं. त्यांच्यात दोन ठिकाणी थोडी दगावली, बाकीची वाचली. आबांचं रान सगळ्यात हिरवं होतं. चांगलं रान मिळालं म्हणून ते खूश होते, असं आई म्हणाली.

आठ दिवसांत एकूण एकसष्ट गेली. शेतकऱ्यानं जेसीबी आणून खड्डा काढून दिला.

मी सांगलीला येऊन पान दुरुस्त केलं. आता यादीच्या डोक्यावर पिवळी पट्टी येते: फक्त पन्नास आणि त्यावरचे कळप दाखवले आहेत, चौदा कळप दिसत नाहीत, सगळे दाखवा. यादी रिकामी आली आणि चाळण लावलेली असली, तर 'एकही कळप बाकी नाही' असं पान आता म्हणत नाही. म्हणतं, 'या निवडीत एकही नाही.' सरांनी बघितलं.

"पट्टी जरा जास्तच मोठी झाली नाही का?"

"नाही."

"लोकांना टोचेल डोळ्याला."

"टोचू दे," मी म्हटलं. त्यांना सगळं माहीत होतं. नंतरच्या प्रत्येक यादीला मी ती पट्टी लावली, ग्रंथालयाच्या पुस्तकांनासुद्धा. ग्रंथालयवाल्या बाईंनी फोन करून विचारलं, ही काढता येईल का. मी म्हटलं, येणार नाही. येत होती.

नोकरी सोडावी असं मला कधी वाटलं नाही. दुसरं काही जोरात वाटलं असंही नाही. रोज जायचे, काम करायचे, खोलीवर येऊन डाळ-भात लावायचे. आईला फोन करायचे. ती चाऱ्याबद्दल बोलायची.

आषाढात बिऱ्हाडं आटपाडीला परत आली, तेव्हा मी तिकडं गेले. आबांकडं चौसष्ट होती. आकडा तेवढा वाटतो, पण त्यात म्हातारी होती, हाडकी होती, आयांविना वाढवलेली कोकरं होती. चांगली होती तीच गेली होती. एवढ्यांवर स्वतंत्र बिऱ्हाड घेऊन पश्चिमेला जाणं परवडत नाही. राखायला माणसं तेवढीच लागतात. नानांनी विचारलं होतं, माझ्यात घाल. आबांनी चार दिवस उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी नानांच्या दारात जाऊन म्हणाले, "रंग काढ."

आमच्याकडं प्रत्येकाची मेंढरं ओळखू येण्यासाठी पाठीवर रंगाची खूण असते. आबांची मानेमागं तांबडी. नानांची मागं, पुठ्ठ्यावर निळी. लोकर कातरली की जुनी खूण जाते आणि मग नवी करतात. त्या दिवशी कातरणी झालेली होती, मेंढरं उघडी, बारकी दिसत होती.

"दादा, तांबडीच ऱ्हाऊ दे की," नाना म्हणाले. "दोन्ही रंग चालत्याल. तुजी ती तुजीच."

"न्हाई. एका कळपात दोन रंग नगं. भांडणं लागत्यात."

"आपल्यात?"

"आपल्यात न्हाई. पोरांत लागत्यात, म्होरं."

नाना पत्र्याचा डबा घेऊन आले. काठीला चिंधी बांधली. आबा एकेक मेंढरू धरून आणत होते आणि नाना पुठ्ठ्यावर निळा पट्टा ओढत होते. डबा धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी धरला. आबा दर वेळी मेंढराचं तोंड आपल्याकडं वळवून बघायचे आणि मग सोडायचे. सुटलेलं मेंढरू नानांच्या कळपात जाऊन मिसळायचं. पहिली दहा-बारा मला लांबनंही ओळखू येत होती. पुढं पुढं येईनात. ऊन चढलं तसा रंग घट्ट व्हायला लागला. आई तांब्याभर पाणी घेऊन आली. नाना म्हणाले, पाणी नको, तेल आण थोडं. ती तेल आणायला आत गेली आणि आम्ही तिघं थांबून राहिलो, आबा एक मेंढरू धरून, नाना काठी धरून, मी डबा धरून.

तेल आलं. नानांनी डब्यात ओतलं, ढवळलं. "चल," म्हणाले.

आबांनी मेंढरू पुढं केलं.